मावशीची उजवी बाजू

माझ्या मावशीला दोन वयं होती. डावीकडून पाहिलं तर चाळिशीची बाई, उजवीकडून पाहिलं तर पासष्टीची. खरं वय पन्नास. डावा गाल नितळ, मान साफ. उजवीकडे मात्र कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंत कातडी काळवंडलेली, जाड, आडव्यातिडव्या सुरकुत्यांनी भरलेली, आणि मधूनमधून बारीक पांढरे ठिपके. फोटो काढायचा म्हटलं की ती न सांगता डावा गाल पुढे करायची. मी चिडवायचे, "मावशी, तुझी डावी बाजू उजवीची मुलगी शोभते." ती म्हणायची, "मग दोघींना वाढ की जेवायला."

हे चिडवणं मी किती वर्षं केलं ते आठवलं की आज स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. कारण मी काही अडाणी नव्हते. मी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, आज तेरा वर्षं झाली. उन्हापासून कातडी वाचवणारी क्रीमं, अकाली सुरकुत्या येऊ नयेत म्हणून लावायची क्रीमं, हे माझंच कपाट. माझ्या मागे भिंतीवर एक तक्ता आहे. त्यात कातडीचे थर रंगवलेत आणि वरून तिरपे जांभळे बाण आत घुसताना दाखवलेत. ते बाण म्हणजे अतिनील किरण. गिऱ्हाईक आलं की मी पट्टी घेऊन सांगायला लागते. प्रत्येक पेशीच्या आत एक धागा असतो, पेशीने कसं वागायचं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. हे किरण तो धागा जागोजागी तोडतात. पेशी बिचारी तो सांधत बसते. रोज तुटतो, रोज सांधते. कधीतरी एखादी गाठ चुकीची बसते, आणि मग ती पेशी ऐकेनाशी होते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. बाया माना डोलवायच्या, बाटली घेऊन जायच्या. मी घरी यायचे आणि मावशीला तिच्या मानेवरून चिडवायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घर म्हणजे पुढे पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्या. शेडमध्ये काकांचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे, पलंगांचे सांगाडे. काका म्हणजे मावशीचा नवरा. माणूस नाकासमोर चालणारा आणि इतका कमी बोलणारा, की गिऱ्हाइकाला वाटायचं हा रागावलाय. मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली आणि मावशी मला इथे घेऊन आली. त्यांना मूलबाळ नव्हतं. लोक माझ्याकडे बघून "माय मरो पण मावशी जगो" म्हणायचे, आणि मला त्यातला पहिला भाग आवडायचा नाही.

मावशी दुकानात नुसती चहा देणारी नव्हती, ती काकांचा दुसरा हात होती. लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे तर आधी ते काटकोनात धरावे लागतात. मग वेल्डर एक छोटा टाका मारतो, म्हणजे नुसता टेकू बसतो, आणि नंतर पूर्ण सांधा भरतो. टाका बसेपर्यंत तुकडे कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरायचे असतात. ते धरायची मावशी. तिची नजर इतकी पक्की होती, की काका गुण्या लावून काटकोन तपासायचे ते नुसतं समाधानासाठी. आमच्या रस्त्यावर तिला सगळे गुण्याबाई म्हणायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने फाटक वाकडं असल्याची तक्रार केली, तर ती म्हणाली, "फाटक सरळ आहे, तुमची भिंत माझ्याकडे आणा." आणि खरोखरच भिंत वाकडी निघाली.

आता मास्कचं सांगते. वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना घातक, म्हणून काळी काच बसवलेला मास्क तोंडासमोर धरतात. त्याला मूठ असते. काकांच्या एका हातात वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर, दुसऱ्यात मास्क. पण धरणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले. तो मास्क कशाने धरणार? म्हणून या धंद्यात धरणाऱ्याला एकच शिकवतात: डोळे मिट आणि मान फिरव. काका टाका मारायच्या आधी "फिर" म्हणायचे, मावशी डोळे मिटून मान फिरवायची, चर्र आवाज यायचा, मग ती परत वळायची. ती नेहमी डावीकडेच वळायची. उजवीकडे चुन्याची भिंत होती आणि तिच्यावर आपटलेला उजेड मिटल्या पापण्यांतूनही टोचतो म्हणायची. डावीकडे रस्ता होता. तेव्हा तोंड रस्त्याकडे, आणि उजवा कान, उजवी मान त्या उजेडाच्या समोर, हातभर अंतरावर. एका खिडकीच्या जाळीला साठ-सत्तर टाके. बावीस वर्षं.

काकांच्या डोळ्यांना कधीकधी तो उजेड लागायचा. मग दुसऱ्या दिवशी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि ते बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून आडवे पडायचे. मावशी म्हणायची, "बघ, तुझ्या काकांची भाजी शिजत ठेवलीय." तिला स्वतःला डोळ्यांचा त्रास एकदाही झाला नाही, याचा तिला अभिमान होता. उजेड म्हटलं की त्या घरात सगळ्यांना डोळे आठवायचे. मान कुणालाच आठवली नाही.

आणि आता माझी गोष्ट. मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या दुकानातून उन्हाच्या क्रीमची एक बाटली मावशीला आणून दिली. तिने वास घेतला, बोटावर घेऊन बघितलं, आणि विचारलं, "दुकानात उभी राहताना लावू का गं?" मी तेरा वर्षांत हजारो बायांना सल्ले दिले, आणि माझ्या मावशीला मी काय सांगावं? "शेडमध्ये कुठे आलंय ऊन? तिथे लावून वाया घालवू नकोस, महाग असते ती. बाहेर जाताना लाव." असं म्हटलं मी. तक्त्यावरचे बाण वरून, सूर्याकडून येत होते ना. ते टेबलावरून, काकांच्या हातातून येतील असं तक्त्यात कुठे लिहिलं नव्हतं.

मग दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या कानामागे एक फोड आला. वेल्डरच्या घरात फोडाचं कुणाला काय? ठिणगी उडते, चटका बसतो, खपली धरते, पडते. दोघांच्या हातांवर असे डाग मोजता येणार नाहीत इतके होते. मावशी म्हणाली, "ठिणगी उडाली." मलम लावलं. महिन्याने तिथेच परत खपली. "परत ठिणगी उडाली." मी म्हटलं, "ठिणग्यांना तुझा पत्ता बरा सापडलाय." तीही हसली. आठ महिने आम्ही त्या एका ठिणगीवर हसत होतो. तसंही दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं.

एका रविवारी दुपारी मी तिच्या केसांना कलप लावत होते. केस वर उचलून चिमटा लावला आणि फणी त्या खपलीला लागली. रक्त थांबेना. खाली वाकून नीट बघितलं, तर ती खपली नव्हतीच. कडा उचललेली, मध्ये खोलगट, बोटाच्या पेराएवढी जखम होती. तिच्या खाली मानेत माझ्या बोटांना एक गाठ लागली. माझी बोटं तिथेच राहिली. मावशी म्हणाली, "अगं, कलप वाळतोय, थांबलीस का?"

कातडीची डॉक्टरीण शांत बाई होती. तिने दिवा असलेलं भिंग लावून कान बघितला, मान बघितली, मग मावशीचं तोंड डावीकडे-उजवीकडे फिरवून दोन्ही गाल बराच वेळ बघितले. "काय काम करता?" मावशी म्हणाली, "घरकाम." मी म्हटलं, "वेल्डिंगच्या दुकानात मदत करते." डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. "धरायला उभ्या राहता? मान फिरवून?" मावशीने मान हलवली. मग त्यांनी मलाच माझा तक्ता समजावून सांगितला. वेल्डिंगच्या उजेडात तेच किरण असतात जे उन्हात असतात, आणि वर सूर्याचे जे सगळ्यात वाईट किरण हवेतच अडतात आणि जमिनीवर पोचतच नाहीत, तेसुद्धा असतात. हातभर अंतरावरून. एवढ्यानेच झालं असं त्या छातीठोकपणे सांगणार नव्हत्या, पण एकाच बाजूची कातडी इतकी म्हातारी झालेली असताना दुसरं काय म्हणणार? तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने कळलं. कर्करोग होता, आणि तो मानेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

काका त्या दिवशी एका शाळेचा कठडा बसवायला गेले होते. दवाखान्याच्या जिन्यावर मावशी मध्येच थांबली, कठड्याला हात लावून सांधा कसा भरलाय ते बघितलं, आणि मग म्हणाली, "यांना ऊन सांगायचं."

"कसलं ऊन?"

"गच्चीवरचं. कपडे वाळत घालते ना मी. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाल्या. एवढंच."

"मावशी, खोटं कशाला? त्यांनी काय मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम केलं असतं तर सांगितलं असतं. चांगली भांडले असते." ती पायरीवर बसली. "या माणसाला होल्डर सोडून दुसरं काही येत नाही. कळलं तर परत हातात धरायचे नाहीत. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतील आणि स्वतःला खात राहतील. मला नको ते. मला दुकानाचा आवाज ऐकायला हवा घरात. तू शपथ घे."

मी शपथ घेतली. फार लवकर घेतली, हे इथे सांगायला हवं. मावशीच्या मायेपोटी घेतली असं मी स्वतःला सांगत होते. पण वेल्डिंगचं नाव निघालं असतं तर माझ्या बाटलीचंही निघालं असतं. ऊन सगळ्यांनाच सोयीचं होतं.

संध्याकाळी मी काकांना सांगितलं. ते एका पट्टीची कड कानशीने घासत होते. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या, उन्हामुळे होतं असं. गच्चीवरच्या." त्यांनी मान वर केली नाही. "हूं," म्हणाले. ऑपरेशन कधी, किती दिवस, एवढं विचारलं. कड कधीच गुळगुळीत झाली होती, तरी ते घासत होते.

पुढच्या चार दिवसांत त्यांनी गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्यांवर पत्र्याचं छप्पर उभं केलं. एकट्याने. मावशीला त्यांनी दुकानात येऊ दिलं नाही, सगळे तुकडे शिकंज्यात आवळून टाके मारले. शेजारी हसले, "गच्चीला टोपी घातलीत का?" मावशी खालून बघत होती. मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ. पटलं यांना." माझा जीव भांड्यात पडला. इतकं सुबक खोटं आम्ही दोघी जन्मात कधी बोललो नव्हतो.

ऑपरेशनच्या दिवशी काका आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागून दोन तास झाले होते. काकांना रिकामे हात ठेवायची सवय नाही, ते अंगठ्याने दुसरा अंगठा चोळत होते. एकदम म्हणाले, "पोरी, ऊन दोन्ही बाजूंना लागतं."

मी म्हटलं, "काका, डॉक्टर म्हणाल्या..."

"काय म्हणाल्या ते मला ठाऊक आहे. उजेड कुठून निघतो आणि कुठे पडतो, हे बघण्यातच माझा जन्म गेला." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं. गळ्याखाली, सदऱ्याच्या खाचेत, तिकोनी काळपट डाग होता. मावशीच्या मानेवर होती तशीच जाड कातडी. "हे कशाने झालं ते मला माहीत नाही होय? मास्क तोंड झाकतो, हे उघडं राहतं. तिचं तर सगळंच उघडं होतं."

बटण लावायला त्यांना वेळ लागला. मग ते जे बोलले तेवढं मी त्यांना आयुष्यात एका दमात बोलताना ऐकलं नव्हतं. "डोक्यावर अडकवायचा मास्क मी आणला होता तिला. हात मोकळे राहतात त्यात. दोन दिवस घातला. म्हणाली, यातून काही दिसत नाही, कोन चुकतो. मी म्हटलं, मग राहू दे. काम अडत होतं. मी आग्रह धरायला हवा होता. मला शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, डोळे मिटले की झालं. मी तिला तेच सांगितलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो गं, बाकी मला काही दिसलंच नाही."

"मग ते छप्पर?"

"तिला बरं वाटावं म्हणून." ते लाल दिव्याकडे बघत म्हणाले, "तिला वाटतंय मला कळलं नाही. एवढं तरी तिच्या मनासारखं होऊ दे. तू बोलायचं नाहीस तिच्याजवळ."

मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये तोंडाला कुलूप लावून उभी. त्या वेळी मला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही. उलट किती शहाणपणाने सांभाळतेय मी दोघांना, असं वाटलं.

ऑपरेशननंतर किरणांचे उपचार सुरू झाले. किरणांनी झालेलं किरणांनीच मारायचं, असा प्रकार. रोज एका थंड खोलीत टेबलावर झोपायचं, मान डावीकडे वळवायची आणि हलायचं नाही. तिथल्या माणसाने पहिल्याच दिवशी कौतुक केलं, की असा स्थिर पेशंट बघितला नाही. मावशी म्हणाली, "मला सवय आहे." बाहेर आल्यावर ते सांगून ती इतकी हसली, की टाक्यांची जागा ताणली म्हणून गाल धरून बसली. मी हसले नाही. मानेची कातडी आधी लाल झाली, मग सोलवटली. मी मलम लावायचे. ज्या काउंटरवर मी लोकांना तरुण राहण्याचे उपाय सांगत होते तिथे उभं राहणं मला नकोसं झालं, पण रजा संपल्यावर जावं लागलं.

अशाच एका दिवशी मलम लावताना माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, तू विचारलं होतंस, दुकानात क्रीम लावू का. मीच नको म्हटलं होतं."

"कुठलं क्रीम?"

"ती बाटली. मी आणलेली."

ती आठवत राहिली, मग म्हणाली, "ती होय? ती मी पलीकडच्या शिवणाऱ्या बाईला देऊन टाकली कधीच. चिकट होती मेली. तू लाव म्हणाली असतीस तरी मी लावली नसती."

खरं की मला बरं वाटावं म्हणून रचलेलं, ते तिलाच ठाऊक. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. नऊ वर्षांची असताना रडले होते तशी. तिने रडू दिलं. केसांवरून हात फिरवत म्हणाली, "माफ केलं म्हणते, मग तर झालं? उठ आता, चहा टाक." त्या दिवशी मला कितीतरी महिन्यांनी भूक लागली.

आणि त्याच आठवड्यातली ही दुपार. मी ओट्याशी उभी होते. काका जेवायला आत आले होते, मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. काका म्हणाले, "आज ऊन फार आहे. बाहेर येऊ नकोस."

"नाही येत. ऊनच माझा वैरी," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिने हळूच डोळा मिचकावला.

काका ताटातला घास तसाच ठेवून बसले. मग म्हणाले, "छप्पर आधीच घालायला हवं होतं मी. चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं? ऊन काय तुम्ही पाडलं?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलंही. मी त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होते, हातातलं भांडं घासून घासून पांढरं झालं होतं, आणि मी मनात म्हणत होते, काका, बोलू नका, तिचं मन मोडेल. ते बोलले नाहीत. ताट उचलून मोरीवर ठेवलं आणि दुकानात गेले. थोड्या वेळाने ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. मावशी उशीवर डोकं टाकून ऐकत राहिली. "बघ," म्हणाली, "काही कळलेलं नाही यांना. साधा आहे माझा माणूस."

मी तेव्हा वळायला हवं होतं. खोली एवढीशी होती, दोघं चार हातांवर होती. पण दोघांनाही दिलेला शब्द मी पाळला आणि भांडं विसळून पालथं घातलं.

पावणेदोन महिन्यांनी आजार फुप्फुसात गेला. मग फार दिवस लागले नाहीत. काकांनी दुकान बंद ठेवलं नाही, कारण ते बंद झालं की ती विचारायची, "काम नाही का आलं?" तिला आवाज हवा म्हणून ते काम नसतानाही ग्राइंडर चालवायचे, भंगारातले तुकडे घासत बसायचे. दिवसातून आठ-दहा वेळा हात पुसत आत यायचे, तिच्याजवळ पाटावर बसायचे. काही बोलायचे नाहीत. ती म्हणायची, "जा, गिऱ्हाईक येईल." ते उठून जायचे.

जाण्याच्या तीन दिवस आधी, सकाळी मी तिला चमच्याने पाणी पाजत होते. आवाज अगदी बारीक झाला होता. तिने मला जवळ बोलावून विचारलं, "यांना कळलं नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बरं."

काका तेव्हा दारात उभे होते. त्यांच्या हातात तिचं औषध होतं. त्यांनी ते ऐकलं की नाही ते मला कळलं नाही, त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आत आले, गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, आणि तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

ती गेली. उजवी बाजू पट्ट्यांनी झाकलेली होती, त्यामुळे शेवटचं बघायला आलेल्या लोकांना फक्त डावी दिसली. सगळे म्हणाले, किती तरुण दिसतेय.

तीन आठवड्यांनी मी एका सुट्टीच्या दिवशी दुकानात गेले. काका टेबलाशी होते, एक फाटक अर्धं झालं होतं. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं. मी चहा करून आणला. दोघं शेडमध्येच बसलो. काका रस्त्यावरून जाणारे-येणारे बघत होते, मग त्यांनी विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

मला वाटलं, आता सांगितलं तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. मी सगळं सांगितलं. जिन्यावरची शपथ, मुद्दाम केलं असतं तर भांडले असते म्हणाली ते, आणि शेवटचा तो प्रश्न. "तुम्हाला कळलं नाही असं मी तिला सांगितलं, काका. समाधानाने गेली."

"म्हणजे शेवटपर्यंत तिला वाटलं, मला ठाऊक नाही."

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला एकदा तिची माफी मागायची होती गं. रोज त्यासाठीच जाऊन बसायचो जवळ. पण मला ठाऊकच नाही म्हटल्यावर माफी मागणार कशाची?"

माझी माफी मी तिच्या मांडीत डोकं घालून मागून घेतली होती. त्यांची मी दोन्हीकडून अडवून धरली, आणि तिने ती किती सहज दिली असती हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.